डास मोजायचे कशाला?



"डास मोजून काय होते, भाऊ? मारून टाका ना!" चिखलदऱ्याजवळच्या एका वस्तीत कोरकू आजीने मला विचारले. तिचा नातू दोन दिवस तापाने फणफणत होता. प्रश्न रास्त होता. आपल्याही मनात तो आला असेल.

चिखलदऱ्याला कॉफीच्या बागा आहेत. सावली, ओल, पालापाचोळा, साठवलेले पाणी आणि जवळच मजुरांची घरे. चावणाऱ्या किड्यांना आणखी काय हवे? पण प्रत्येकाचे घर वेगळे आणि त्याने आणलेला आजारही वेगळा.

सकाळी बॅटरी घेऊन आम्ही घरे व गोठे पाहतो. भिंतीवर मागचा भाग वर उचलून तिरपा बसलेला डास अॅनोफिलीस, म्हणजे हिवतापाचा. काचेच्या नळीने त्याला अलगद ओढून घेतो. मग नाल्याच्या डबक्यात पळी बुडवून अळ्या मोजतो. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून असते ती अॅनोफिलीसची अळी; रांजणात डोके खाली करून लोंबकळते ती बहुधा एडिसची. हा डास दिवसा चावतो व डेंग्यू पसरवतो. तिसरी वालुमाशी. ती डासाहून लहान, केसाळ. भिंतीच्या भेगांत लपते. नागपूर जिल्ह्यात १९६५ साली सापडलेला चांदीपुरा विषाणू मुख्यतः तिच्यामार्फत पसरतो व मुलांच्या मेंदूला सूज आणतो.

आता उपाय पाहा. डबक्यात गप्पी मासे सोडायचे. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून रांजण आठवड्यातून एकदा घासून कोरडा करायचा. वालुमाशीसाठी भेगा लिंपायच्या, शेणाचा ढीग घरापासून दूर ठेवायचा. सरसकट फवारणी केली तर बागेतल्या मधमाश्याही मरतात आणि खरा शत्रू भेगेतच राहतो.

मच्छरदाणी देणाऱ्यांनाही एक सांगणे आहे. साध्या जाळीतून वालुमाशी आत शिरते. म्हणून शक्यतो औषधभारित मच्छरदाणी द्यावी.

आजीच्या नातवाचे रक्त त्याच दिवशी तपासले. हिवताप निघाला, औषध वेळेवर मिळाले, पोर वाचले. पुढच्या खेपेला आजीने स्वतःच मला घरामागच्या डबक्याकडे नेले. "मोज, भाऊ," ती म्हणाली, "अन् मासे आणले का?"