आधी खर्च, मग पसंतीक्रम

पालक माझ्याकडे येतात तेव्हा यादी बहुधा तयारच असते. वहीच्या पानावर उतरवलेली किंवा व्हॉट्सॲपवर फिरत आलेली. पुण्यातली आठ-दहा नावं आणि प्रत्येकापुढे ‘कॉम्प्युटर’. मी कराडजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो. सीईटीचा निकाल लागला की इंजिनिअरिंगचे ऑप्शन फॉर्म भरून द्यायचं माझं दुसरं, बिनपगारी काम सुरू होतं. ती यादी मी तशीच ठेवतो आणि मेरिट नंबर विचारतो. पर्सेंटाइल घरातल्या आजीलाही पाठ असतो, पण भरवसा नंबरावर ठेवावा. परीक्षेला बसणारी मुलं वाढली की त्याच पर्सेंटाइलला आपल्यापुढची रांगही वाढते.

मग मागच्या वर्षीच्या कटऑफची शेकडो पानांची पीडीएफ उघडायची. खरी मेख इथं आहे. प्रत्येक रकान्यावर एक सांकेतिक नाव असतं. सुरुवातीचा ‘जी’ म्हणजे सर्वसाधारण जागा, ‘एल’ म्हणजे मुलींची. मधे प्रवर्ग. शेवटी ‘एच’ असेल तर त्या कॉलेजच्या विद्यापीठ क्षेत्रातली मुलं, ‘ओ’ म्हणजे बाहेरची, ‘एस’ म्हणजे राज्यस्तर. आमची मुलं शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रातली. पुण्याच्या कॉलेजचा ‘एच’ रकाना बघून ती खूश होतात, पण त्यांचा रकाना ‘ओ’. उलट मुलींचे वडील हमखास ‘जी’चा आकडा वाचतात आणि हातातलं कॉलेज उगाच सोडून देतात.

यंदा एक मुलगी वडिलांना घेऊन आली. ओबीसी, घरी ऊस आणि चार म्हशी, दाखल्यावरचं उत्पन्न आठ लाखांच्या बरंच आत. “सर, पोरींना आता सगळं माफ हाय न्हवं?” वडिलांनी बसता बसता विचारलं. सगळं नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं, तेही कॅपमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेतला तर. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळली आहेत. त्यांच्या यादीतली दोन नावं तिथंच गळाली. विकास शुल्क, वसतिगृह, मेस, बस हे राहतंच. काही कॉलेजं तर ‘शासनाचे पैसे येईपर्यंत तुम्ही भरा’ म्हणून आधी रक्कम मागतात.

म्हणून कागदावर मी एक रकाना वाढवतो: घरातून वर्षाला रोख किती जाणार. खोली आणि मेस मिळून महिन्याला नऊ हजार धरले तर दहा महिन्यांचे नव्वद हजार. चार वर्षांचे तीन लाख साठ हजार. आकडा लिहिल्यावर वडिलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. शेजारी कराडचं शासकीय अभियांत्रिकी, १९६० पासूनचं, घरून एसटीच्या पासावर जाता येणारं. त्यापुढे सांगलीचं वालचंद. पुण्याचं नाव लावणारी निम्मी कॉलेजं शहरापासून इतकी लांब आहेत की तिथं राहून पुणं दिसतंच असं नाही, पण भाडं मात्र पुण्याचं.

मुलगा असता आणि खुल्या प्रवर्गातला असता, तर मी टीएफडब्ल्यूएस या शुल्कमाफी योजनेकडे वळलो असतो. मंजूर जागांच्या वर पाच टक्के जागा, शिक्षण शुल्क माफ, उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. या योजनेचा चॉइस कोड वेगळा असतो, तो भरायचा लोक विसरतात. कटऑफ बहुतेकदा चढा लागतो, आणि एकदा घेतल्यावर कॉलेज किंवा ब्रँच बदलता येत नाही.

मग क्रम. ‘अवघड कॉलेज वर टाकलं तर खालचं जाईल’ ही भीती गावोगाव आहे आणि ती निराधार आहे. संगणक वरून खाली येतो आणि नंबरात बसणारं पहिलं कॉलेज देतो. वर चुकलेल्या नावांची शिक्षा होत नाही. हवं ते वर, कटऑफ काहीही असो.

मात्र २०२५-२६ च्या प्रवेशापासून ऑटो फ्रीझ कडक झालं. पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला तर तो घ्यायचाच. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी कुठलाही, तिसऱ्यात पहिल्या सहांपैकी. नाकारलं की पुढच्या फेऱ्या बंद. म्हणजे ज्याचा खर्च घरानं मान्य केलेला नाही असं नाव वरच्या सहात ठेवणं हा जुगार आहे. खर्चाचा रकाना आधी आणि क्रम नंतर लावतो तो एवढ्यासाठी.

तिनं वर पुण्याचं सीओईपी टाकलं. वसतिगृह मिळालं तर दूध वाढवू, असं वडील म्हणाले. खाली वालचंदच्या दोन ब्रँच, मग कराड. इथं बाप-लेकीचं वाजलं. तिला कराडच्या इलेक्ट्रिकलपेक्षा पुण्यातलं कुठलंही कॉम्प्युटर चालणार होतं. माझं मत उलट. जिथं प्रयोगशाळा जुनी पण चालू आहे आणि शिक्षक दरवर्षी बदलत नाहीत, तिथली दुसरी ब्रँच मी वर ठेवतो. मत सांगितलं, माऊस तिच्याकडेच ठेवला. तिनं वाघोलीपलीकडचं एक कॉम्प्युटर सातव्या जागेवर ढकललं, सहाच्या बाहेर. वडिलांनी कॉलेजच्या माहितीपत्रकावरचा नंबर फिरवला आणि मुलींच्या मेसचे महिन्याला किती घेता, ते विचारायला लागले.