चार दिवस जास्त, वर्ष मागे

एमबीबीएसचा अभ्यासक्रम ५४ महिन्यांचा. तो पूर्ण करायला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांनी दिलेली कमाल मुदत ९ वर्षांची, म्हणजे १०८ महिन्यांची. वर्षभराची इंटर्नशिप वेगळी. कागदावर विद्यार्थ्याच्या हातात बरोबर दुप्पट वेळ आहे. तरीही मिरज, कराड किंवा साताऱ्याच्या हॉस्टेलवरून कुणाला दोन महिने घरी जायची वेळ आली, की आईवडिलांचा पहिला प्रश्न असतो : वर्ष जाणार का?

५४ महिने शिल्लक असताना दोन महिन्यांची धास्ती वाटते, याचं कारण नियमांतच आहे. ही सवलत पाचशेच्या नोटेसारखी आहे. दहा रुपयांची गरज असेल तर सुटे मिळत नाहीत.

४८ दिवसांचं गणित

परीक्षेला बसायचं तर थिअरीला ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकं व क्लिनिकलला ८० टक्के हजेरी लागते. सोयीसाठी असं धरू, की वर्षात अध्यापनाचे ४० आठवडे आणि आठवड्याला ६ दिवस. म्हणजे २४० दिवस. त्याचे २० टक्के ४८. वर्षभरात एवढेच दिवस चुकवता येतात.

आता आजारपणं मोजू. डेंग्यूत दहा दिवस गेले तर फार बिघडत नाही. टायफॉइडनं तीन आठवडे घेतले तर १८ दिवस गेले, तरीही निभावतं. मोटारसायकलवरून पडून मांडीचं हाड मोडलं आणि तीन महिने घरी काढावे लागले, तर ७० च्या वर दिवस जातात; तिथे हिशेब संपला. क्षयरोगाचे उपचार किमान सहा महिन्यांचे. त्यातले पहिले दोन महिने अशक्तपणामुळे घरी राहावं लागलं तर सुमारे ५२ दिवस बुडतात. मर्यादेपेक्षा फक्त चार जास्त. वॉर्डात रुग्णांच्या खोकल्यासमोर उभं राहून शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे उदाहरण काल्पनिक म्हणून सोडून देता येत नाही.

बाळंतपणाचं गणित तर मांडायलाच नको. नोकरदार स्त्रीला २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्यानं २६ आठवड्यांची रजा मिळते. आपल्या हिशेबात ते १५६ दिवस होतात. एमबीबीएसची विद्यार्थिनी नोकरदार नाही, त्यामुळे तो कायदा तिला लागू होत नाही.

हजेरी विषयवार धरली जाते, म्हणून खरी कोंडी आणखी पुढे आहे. चार आठवड्यांच्या पोस्टिंगचे दिवस २४. त्यात जास्तीत जास्त ४ खाडे चालतात. दोन आठवड्यांच्या छोट्या पोस्टिंगचे दिवस १२. तिथे खाडे फक्त २. वर्षाच्या खात्यात ४० दिवस शिल्लक असले तरी त्या बारा दिवसांत पाच दिवस ताप आला, तर तो विषय अडकतो. जतहून किंवा माणहून आलेला मुलगा घरच्या लग्नाला तीन दिवस गेला, त्याचाही हिशेब असाच. म्हणून मुरलेले सीनियर नव्या मुलांना सांगतात, की सुट्टी महिना बघून घेऊ नका, पोस्टिंग बघून घ्या.

मधली पायरी गेली

पूर्वी विद्यापीठाच्या परीक्षा उन्हाळी आणि हिवाळी अशा सहा महिन्यांच्या अंतरानं व्हायच्या. पहिल्या वर्षाला अडकलेला विद्यार्थी सहा महिन्यांनी सुटला तर 'ऑड बॅच'मध्ये जायचा. त्या बॅचला थोडं हिणवलं जायचं हे खरं, पण मागे पडण्याचं माप सहा महिन्यांचं होतं.

२०१९ पासून क्षमताधारित अभ्यासक्रम आला आणि ही वेगळी बॅच हळूहळू बाद झाली. आता निकालानंतर काही आठवड्यांत पुरवणी परीक्षा होते. तिथे सुटलात तर आपल्याच बॅचबरोबर पुढे जाता. नाही तर थेट खालच्या बॅचमध्ये बसता. नापास झालेल्या हुशार मुलाच्या दृष्टीनं हा बदल चांगला, कारण त्याचे पाच महिने वाचले. आजारी मुलाच्या दृष्टीनं तो कडक, कारण काही आठवडे आणि पूर्ण वर्ष यांच्या मधली पायरीच काढून टाकली.

त्यातच पहिल्या वर्षाला प्रयत्नांची मर्यादा चार. परीक्षेला अर्धवट बसलं, म्हणजे एक पेपर देऊन दुसऱ्या दिवशी सलाइन लागलं, तरी तो प्रयत्न वापरला असं धरलं जातं. नियमाच्या लेखी पेपर न आलेला आणि पेपरला जाता न आलेला सारखेच.

सगळ्यांचा वेळ गेला तर

वेळापत्रक सरकतच नाही असं मात्र नाही. नव्या अभ्यासक्रमाची पहिली बॅच १ ऑगस्ट २०१९ ला सुरू झाली. पुढच्याच आठवड्यात कृष्णेला महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांवर गेलं. त्यातून सावरेपर्यंत मार्च २०२० ची टाळेबंदी आली. पुढची बॅच ऑगस्ट २०२० ऐवजी १ फेब्रुवारी २०२१ ला सुरू झाली. त्यानंतरची १४ फेब्रुवारी २०२२ ला.

साताऱ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची १०० जागांची पहिली बॅच हीच. तिचे ५४ महिने ऑगस्ट २०२६ मध्ये भरतात आणि ९ वर्षं फेब्रुवारी २०३१ मध्ये. तिच्या पाठची बॅच मात्र १५ नोव्हेंबर २०२२ लाच सुरू झाली, कारण आयोग मागे पडलेलं वेळापत्रक रुळावर आणत होता. त्यामुळे या पहिल्या बॅचमधला कुणी खाली आला तर त्याचं अंतर १२ महिन्यांचं नाही, ९ महिन्यांचं. चूक तीच, आजार तोच, पण प्रवेशाच्या वर्षाप्रमाणे किंमत तीन महिन्यांनी कमी.

२०२०-२१ च्या बॅचला तर पहिल्या वर्षासाठी कोविडचं कारण धरून पाचवा प्रयत्नही एकदाच म्हणून देण्यात आला. म्हणजे गेलेला वेळ भरून देता येतो, हे यंत्रणेला माहीत आहे. संकट सगळ्यांवर एकदम आलं तर कॅलेंडर सरकतं. ते एकट्यावर आलं तर कॅलेंडर जागच्या जागी राहतं आणि मूल मागे पडतं.

त्याच इमारतीत दुसरा न्याय

मिरजेचं शासकीय महाविद्यालय १९६२ चं. तिथे एमबीबीएसच्या २०० जागा आहेत. त्याच आवारात इंटर्न आणि पदव्युत्तर निवासी डॉक्टरही असतात. त्यांचे नियम शेजारी ठेवून पाहावेत.

इंटर्नला वर्षात १५ दिवस रजा. त्यापेक्षा जास्त गेली तर इंटर्नशिप पुढे वाढते. पदव्युत्तर विद्यार्थ्याला २०२३ च्या नियमांप्रमाणे वर्षाला २० दिवस पगारी रजा, ५ दिवस शैक्षणिक रजा आणि बाळंतपणाची रजा सरकारी नियमांप्रमाणे. त्यापुढे दिवस गेले तर तेवढेच दिवस मुदत वाढवता येते. इथे दिवसाची फेड दिवसानं होते. आधीच्या साडेचार वर्षांतच तेवढी दिवसाची फेड वर्षानं.

इंटर्नशिपलाही एक काटा आहेच. नीट-पीजी २०२४ साठी इंटर्नशिप संपण्याची शेवटची तारीख १५ ऑगस्ट होती, २०२५ साठी ३१ जुलै. वाढीव रजेमुळे एखाद्याची इंटर्नशिप २ ऑगस्ट २०२५ ला संपली असेल तर दोन दिवसांसाठी त्याची एक प्रवेशपरीक्षा हुकली.

सोडणारे थोडे, थकलेले पुष्कळ

आयोगानंच माहिती अधिकारात दिलेल्या आकड्यांनुसार २०२२ पर्यंतच्या सुमारे पाच वर्षांत पदव्युत्तर शिक्षण सोडणारे देशभरात हजाराहून जास्त होते. एमबीबीएस सोडणारे दीडशेच्या आसपास. एमबीबीएसला जागा कितीतरी जास्त, तरी सोडणारे इतके कमी. एवढ्यावरून सगळं ठीक आहे असं म्हणता आलं असतं.

पण आयोगाच्या कार्यगटानं २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणात २५,५९० पदवी विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली. त्यातल्या २७.८ टक्क्यांनी मानसिक आजाराचं निदान झाल्याचं सांगितलं. १६.२ टक्क्यांच्या मनात वर्षभरात आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. सर्वेक्षण ऑनलाइन आणि ऐच्छिक होतं, त्यामुळे हे प्रमाण जसंच्या तसं सगळ्यांना लावू नये. तरी २५,५९० चे १६.२ टक्के म्हणजे चार हजारांहून जास्त मुलं. हे आकडे एकत्र वाचले तर चित्र दिसतं ते असं : मुलं कॉलेज सोडत नाहीत, थांबूही शकत नाहीत, त्रास अंगावर काढत पुढे जातात.

घरचंही यात थोडं आहे. बारावीनंतर लातूरला किंवा पुण्याला एक वर्ष नीट रिपीट करायला घर तयार असतं. दुसऱ्या वर्षासाठीही पैसे उभे राहतात, गावात सांगायला कुणी लाजत नाही. तेच १२ महिने प्रवेश मिळाल्यानंतर आजारपणात गेले की पाहुण्यांना काय सांगायचं, हा प्रश्न पडतो. खरं तर १८ व्या वर्षी प्रवेश घेतलेला मुलगा साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप, शासकीय कॉलेज असेल तर एक वर्ष बंधपत्रित सेवा आणि तीन वर्षं एमडी करून मोकळा होतो तेव्हा साडेसत्तावीस वर्षांचा असतो. साडेअठ्ठावीस झाला तर रुग्णाला तो फरक कळत नाही.

अमेरिकेतला अभ्यासक्रम चार वर्षांचा. तिथे चार वर्षांत पदवी घेणारे साधारण ८२ ते ८४ टक्के. सहा वर्षांपर्यंत हे प्रमाण ९६ टक्क्यांच्या आसपास जातं. म्हणजे आठातला एक जण संशोधनासाठी, आजारपणासाठी किंवा घरच्या अडचणीसाठी जादा वेळ घेतो आणि डॉक्टर होतोच.

काय बदलता येईल

नऊ वर्षांची मुदत वाढवायची गरज नाही. तिचे सुटे करून द्यायला हवेत. चुकलेली पोस्टिंग पुढच्या सुट्टीत किंवा पुढच्या गटाबरोबर भरून काढायची सोय असली तर ४८ च्या वरचे चार दिवस चार दिवसांतच फिटतील. मंजूर वैद्यकीय रजेवर असलेल्याचा अर्धवट पेपर प्रयत्नांत धरू नये. आणि विद्यापीठाच्या निकालपत्रकात उत्तीर्ण, अनुत्तीर्ण, गैरहजर यांच्या जोडीला 'रजेवर' असा चौथा रकाना हवा. रजेवरचा मुलगा नापासांत मोजला जातो तोवर कुणी रजा मागायला पुढे येणार नाही.

नियम बदलेपर्यंत विद्यार्थ्यानं तीन गोष्टी कराव्यात. हजेरीचा हिशेब विषयवार आणि दर महिन्याला ठेवावा. आजाराचे कागद बरं झाल्यावर गोळा करत बसण्याऐवजी पहिल्या आठवड्यातच विभागप्रमुख आणि डीन कार्यालयात देऊन पोहोच घ्यावी. परीक्षा देववणार नाही असं वाटत असेल तर तो निर्णय पहिल्या पेपरच्या आधी घ्यावा, दुसऱ्या पेपरच्या सकाळी घेऊ नये. मन थकलं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तिथे बोलायला हजेरीचा दाखला लागत नाही.