नदाफ आडनाव आणि म्हसवडचं जेन

हजेरी घेताना नदाफ आडनाव आलं की मी विचारतो, ‘बेटा, याचा अर्थ काय?’ बहुतेक मुलांना सांगता येत नाही. अरबीत नद्दाफ म्हणजे कापूस पिंजणारा. हल्लाज शब्दाचाही अर्थ तोच. इ.स. 922 मध्ये बगदादला ज्यांना मृत्युदंड झाला, त्या मन्सूर हल्लाज यांच्याशी मन्सूरी समाज आपलं नाव जोडतो. आपल्या गावाकडे यांनाच पिंजारी म्हणतात.

पिंजाऱ्याच्या गाद्या-रजया सगळ्यांना आठवतात. पण लोकरीपासून जेन आणि बुरणूस करणं हेही त्याचंच हुनर. माणदेश दुष्काळी, मेंढरांचा मुलूख. त्यामुळे म्हसवडची घोंगडी आणि जेन प्रसिद्ध झाली.

दोन्हींत फरक काय? घोंगडी विणतात. लोकरीचं सूत कातायचं, त्याला चिंचोक्याची खळ द्यायची, मागावर विणायचं. जेनमध्ये सूतही नाही आणि मागही नाही. लोकर पिंजून मोकळी करायची, चटईवर सारखी पसरायची. नक्षी हवी असेल तर रंगीत लोकर मांडायची. मग साबणाचं गरम पाणी शिंपडून चटईसकट गुंडाळी करायची आणि हातापायांनी दाबत तासन्‌तास लाटत राहायचं. उलगडायचं, पुन्हा गुंडाळायचं.

विणल्याशिवाय हे टिकतं कसं? लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ऊब, ओल आणि दाब मिळाला की ते एकमेकांत अडकतात, पुन्हा सुटत नाहीत. कापसाला असे खवले नसतात. काश्मीरचा नमदा याच रीतीने होतो.

दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. मऊ स्वेटरला ती चालत नाही, अंथरुणाला मात्र उत्तम. पण स्वस्त सिंथेटिक ब्लँकेटं आली आणि तिला गिऱ्हाईक राहिलं नाही. कातरायची मजुरीही निघत नाही म्हणून कित्येक मेंढपाळ लोकर टाकून देतात. इकडे पिंजाऱ्यांची पोरं दुसऱ्या धंद्याला लागली. हातातलं हे काम कुठल्या पुस्तकातून परत शिकता येत नाही.

घरात जुनं जेन असेल तर फेकू नका. ऊन दाखवा, कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घालून ठेवा. आणि दादा-नानांनी कधी लोकर पिंजली असेल तर मुलांना त्यांच्याजवळ बसवा. आडनावाचा अर्थ त्यांना घरातच कळू द्या.