स्पोर्ट्स कार महिनोन्‌महिने उभी राहणार? मग टाकी भरून ठेवा!

गाडी चालवायचीच नाही, तर टाकीत पेट्रोल कशाला, असं अनेकांना वाटतं. पण जास्त धोका अर्धवट रिकाम्या टाकीलाच असतो.

पेट्रोल कमी, म्हणजे टाकीत हवा जास्त. ही हवा दिवसा तापून बाहेर पडते आणि रात्री गार झाली की बाहेरची दमट हवा आत येते. कुकडीकाठच्या बोरी बुद्रुकसारख्या गावात, पावसाळाभर शेडमध्ये उभ्या गाडीत हे चक्र सुरूच राहतं.

ई-२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी शोषतं. पाणी प्रमाणाबाहेर वाढलं, की ते इथेनॉलसह वेगळं होऊन तळाशी बसतं. फ्युएल पंप तिथूनच पेट्रोल ओढतो, त्यामुळे इंजिन सुरू होईना अशी वेळ येते. टाकी लोखंडी असेल तर गंजही चढतो.

काय कराल?

• ताजं पेट्रोल भरा. ‘ऑटो कट’ झाला की थांबा. पेट्रोल फुगायला जागा हवी.

• फ्युएल स्टॅबिलायझर घालून गाडी थोडी चालवा, म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोहोचेल.

• नुसती पाच मिनिटं इंजिन सुरू करू नका. त्याने सायलेन्सरमध्ये पाणी साचतं.

• पेट्रोल घरात कॅनमध्ये साठवू नका. आगीचा धोका असतो.