पाटीलकीचा वारसा आणि येसकराची पाळी

डोंबिवली आणि दिवा यांच्यामधले कोपर आज लोकांना स्टेशनमुळे ठाऊक आहे. तिथे आता चावडी नाही, सरपंचही नाही, कारभार महानगरपालिकेचा. तरी या पट्ट्यातल्या कुठल्याही जुन्या गावठाणात दारावरच्या पाट्या वाचत गेले की 'पाटील' पावलोपावली भेटतो. पद गेले आणि त्याचे आडनाव झाले. (पाटील म्हणजे सत्ताधारीच असे समजू नये. 1933 साली चरीच्या आगरी कुळांनी खोतांविरुद्ध संप केला, त्याचे पुढारी नारायण नागू पाटीलच होते आणि बाबासाहेब त्या कुळांच्या पाठीशी होते.) येसकर, तराळ हीसुद्धा गावकामाची पदेच. ती मिरवावीत असे मात्र कुणाला वाटत नाही. गावाचे पुढारीपण कसे चालत आले, याचा शोध या फरकापासून घ्यायला हवा.

पाटील हा गावाचा प्रमुख. सारा वसूल करणे, तंटे ऐकणे, चोरीचा माग काढणे, सरकारपुढे गावाच्या वतीने उभे राहणे ही त्याची कामे. ही झाली कामाची बाजू. खरी सत्ता मानपानात होती. होळीला पहिला मान कुणाचा, पोळ्याला पुढचा बैल कुणाचा, यावरून भावकीत पिढ्यान्पिढ्या वाद चालत. पाटीलकी वतन होती, म्हणून ती बापाकडून मुलाकडे जाई. तिच्या वाटण्या होत, ती विकलीही जाई. पण वाटली तरी विझत नसे. कागदावर नांगराची निशाणी करणाऱ्या निरक्षर पाटलाचीही गावावर जरब असे, कारण दप्तर सांभाळायला कुलकर्णी बसलेला होता. त्याचेही वतनच.

महाराचे कामही वतनच होते, हे आपण पुष्कळदा विसरतो. वेशीची राखण, मयताचा सांगावा, साऱ्याच्या रकमेसोबत तालुक्याला पायपीट, शिवेच्या तंट्यात साक्ष, ही त्याची कामे. शिव कुठली हे गावात त्यालाच पक्के ठाऊक, आणि गावाच्या वेशीच्या आत त्याला घर नाही! पाटलाचा वारस अधिकार घेई, महाराचा वारस राबणूक घेई. घराघरांत पाळी फिरे. हाडोळ्याची जमीन दर पिढीला तुकडे होत घटे. गावकीचे काम मात्र घटत नसे.

इंग्रजांनी 1874 च्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्यात पाटील आणि महार दोघांनाही एकाच चौकटीत बसवले. दिसायला समानता! या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. त्यांचे दुखणे नेमके होते: नेमलेला माणूस हजर नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी कामाला जुंपले जाते आणि मोबदल्याचा भरवसा नाही. ते विधेयक त्यांना मागे घ्यावे लागले. कुलकर्णी वतन 1950 च्या कायद्याने गेले, कनिष्ठ ग्रामवतने 1958 च्या कायद्याने, मुलकी पाटलाचे पद 1962 च्या कायद्याने. 1967 पासूनचा पोलीस पाटील नेमणुकीचा आहे, वंशाचा नाही.

कागदावर वारसा संपला. मग 24 एप्रिल 1993 पासून 73 वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि सरपंचपद आरक्षणाने दलितांकडे, स्त्रियांकडे येऊ लागले. हा बदल किती खोलवर बोचला याची साक्ष तमिळनाडूने दिली. मेलवळवू गावात राखीव जागेवर निवडून आलेल्या मुरुगेसन यांची 1997 साली हत्या झाली. पाप्पापट्टी, कीरीपट्टी इथे सवर्णांनी राखीव पद दहा वर्षे भरूच दिले नाही. 2006 साली तिथे धड निवडणूक झाली. वंशाने आलेली खुर्ची सुटली की माणसे अशी हिंस्र होतात.

आपल्याकडे सहसा इतके उघड होत नाही. राखीव पद आले की गावातले जुने घर आपल्या शेतावर राबणारा गडी उभा करते. स्त्रीराखीव झाले की नवरा खुर्चीशेजारी बसतो. पण मला याहून मोठी अडचण दिसते ती दुसरीच. आरक्षण फिरते. पाच वर्षे एका बौद्ध बाईने कारभार शिकावा, ग्रामसेवकाशी हुज्जत घालावी, ठरावाचे पुस्तक वाचायला शिकावे, आणि मग खुर्ची निघून जावी. पुढे कित्येक वर्षांनी तिच्या वाडीतली दुसरी बाई येते ती पहिल्या पाठापासून सुरुवात करते. पाटलाच्या पोराला हे शिकावे लागत नाही. घरातल्या बोलण्यातच ते त्याच्या कानावर पडते. फिरते आरक्षण नको असे मी म्हणत नाही. ते नसते तर आपण खुर्चीजवळही गेलो नसतो. पण कायदा खुर्ची देतो, कारभाराची माहिती देत नाही.

कोपरसारख्या शहरात गिळल्या गेलेल्या गावाची गत आणखी निराळी. प्रभागाचे आरक्षण सोडतीने ठरते. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची मुदत 2020 च्या नोव्हेंबरात संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षे प्रशासकच होता. नळासाठी, गटारासाठी बोलायला वॉर्डात कुणी निवडून आलेला नव्हता. शेजारची 27 गावे 1983 साली महानगरपालिकेत आली, 2002 साली बाहेर पडली, 2015 साली पुन्हा आत आली. गावांचा पुढारी कोण, हा प्रश्न दर वेळी नव्याने उभा राहिला. त्या प्रत्येक वेळी बौद्धवाडीला कुणी विचारले, हे कार्यकर्त्यांनी वाडीवाडीत जाऊन नोंदवायला हवे.

ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला 15 टक्के भाग मागासवर्गीयांवर खर्च करायचा असतो. तो कुठे गेला, हे मावळत्या सरपंचबाईंना पक्के ठाऊक असते. त्यांच्या पडवीत वाडीतली चार मुले-मुली वही घेऊन बसली, तर खुर्ची पुन्हा येईल तेव्हा हिशोब विचारणारे कुणीतरी तयार असेल.