गिट वापरायचे, पण खिडकीतून

आपल्या संकेतस्थळाचा मजकूर, म्हणजे कार्यक्रमपत्रिका, सभासदांचे लेख, गणेशोत्सवाचे वेळापत्रक, आता चार-पाच जणांच्या हातून जातो. कोणी इंदूरला आहे, कोणी नोकरीनिमित्त पुण्याला. 'अंतिम', 'अंतिम २', 'खरेच अंतिम' अशा फाइली ई-मेलने फिरू लागल्या की कोणती खरी, हे कळत नाही. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचीही हीच अडचण होती. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी त्यासाठी २००५ साली 'गिट' तयार केले.

गिट समजायला बँकेची खतावणी आठवावी. तिथे चुकीची नोंद खोडरबराने पुसत नाहीत. उलट नोंद करून दुरुस्त करतात. गिटमध्येही प्रत्येक बदल तारीख, करणाऱ्याचे नाव आणि छोट्या तपशिलासह नोंदला जातो. या नोंदीला 'कमिट' म्हणतात. चूक निघाली तर 'रिव्हर्ट', म्हणजेच उलट नोंद. आपल्या नोंदी सामाईक साठ्यात पाठवणे म्हणजे 'पुश' आणि इतरांच्या आपल्याकडे आणणे म्हणजे 'पुल'.

हे सर्व दोन प्रकारे करता येते. एक, काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून. दुसरे, बटणे असलेल्या खिडकीतून. गिटहब डेस्कटॉप हा असा एक मोफत प्रोग्राम विंडोज आणि मॅकवर चालतो. विंडोजवर टॉर्टॉइजगिटही आहे. त्यात फोल्डरवर उजवी टिचकी मारली की कामाची यादी समोर येते.

आपल्यासारख्यांनी खिडकीच निवडावी, असे आम्हाला वाटते. त्याची तीन कारणे.

पहिले, सही करण्यापूर्वी व्हाउचर दिसते. काढलेली ओळ लाल, नवी ओळ हिरवी. कार्यक्रमाची वेळ सहाची सात झाली असेल, तर ते कमिट करण्याआधीच नजरेस पडते. आज्ञेनेही हे पाहता येते, पण ती मुद्दाम द्यावी लागते आणि घाईत राहून जाते.

दुसरे कारण मराठीचे. फाइलीचे नाव देवनागरीत असेल, तर आज्ञा-पडद्यावर गिट मूळ मांडणीत ते तिरक्या रेघा आणि आकड्यांच्या रूपात दाखवते. मांडणी बदलता येते, पण ते आधी माहीत हवे. गिटहब डेस्कटॉपमध्ये नाव सरळ वाचता येते.

तिसरे, आपण हे काम महिन्यातून एक-दोनदा करतो. रोज न वापरलेली आज्ञा विसरायला होते आणि काही आज्ञा फार कडक असतात. 'रीसेट हार्ड' दिली, तर कमिट न केलेले काम काहीही न विचारता जाते. गिटहब डेस्कटॉप बदल टाकून देण्यापूर्वी एकदा विचारतो.

मात्र बटण दाबले म्हणजे समज आली, असे नाही. कमिट, पुश, पुल हे शब्द दोन्हीकडे तेच आहेत. ते शिकावेच लागतात. दोघांनी एकच ओळ वेगवेगळी बदलली, तर गिट थांबते आणि कोणती ठेवायची ते विचारते. तिथे एकमेकांना फोन करणे हाच उपाय. शिवाय काही गुंतागुंत खिडकीतून सुटत नाही आणि मदतीची माहितीही बहुधा आज्ञांच्या रूपात मिळते. म्हणून मंडळात आज्ञा जाणणारा निदान एक तरुण सभासद असावा. दोन्ही पद्धती एकाच साठ्यावर चालतात, त्यामुळे त्याने आज्ञा वापराव्यात, आपण खिडकी.

शेवटी एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवावी. गिट काही विसरत नाही. सभासदांचे फोन नंबर किंवा पत्ते चुकून कमिट झाले आणि दुसऱ्या दिवशी फाइलीतून काढले, तरी जुन्या नोंदीत ते राहतात. साठा सार्वजनिक असेल, तर ते कोणालाही वाचता येतात. म्हणून सभासदयादी त्या फोल्डरमध्ये ठेवूच नये, आणि कमिट करण्यापूर्वी लाल-हिरव्या ओळी एकदा वाचाव्यात. व्हाउचर वाचल्याशिवाय सही नाही, हा जुना नियम इथेही तितकाच लागू आहे.