पाण्यावर की पाण्यापलीकडे?

पनवेलच्या कोळीवाड्यात मी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. हल्ली खारघर, नवीन पनवेलची मंडळी विचारायला येतात, “दादा, सुट्टीत पोरांना फिरवायला होडी घ्यायचीय. शिडाची घेऊ की इंजिनाची?” माझं पोट इंजिनावर चालतं, तरी मी उलट विचारतो, घरच्यांना पाण्यावर रमायचंय की पाण्यापलीकडे पोचायचंय?

पोचायचं असेल तर शिडाचा नाद सोडा. स्पीडबोट गेटवेहून अर्ध्या तासाच्या आत मांडव्याला लागते. लहान शिडाची होडी बऱ्या वाऱ्यात ताशी आठ-दहा किलोमीटर जाते. वारा पडला, की शीड लोंबतं आणि ओहोटी नेईल तिकडे जावं लागतं.

पण इंजिन राबवून घेतं. खाऱ्या पाण्यातून आल्यावर दर वेळी ते गोड्या पाण्याने आतून धुवावं लागतं. आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन, चालू असताना त्यातून पाण्याची बारीक धार पडते. इंजिन थंड ठेवणारा पंप चालू असल्याची ती खूण. आमच्या खाडीत पंप चिखल ओढतो, धार बारीक होत थांबते. थांबली की इंजिन लगेच बंद करायचं, नाहीतर ते जाम झालंच समजा. शिवाय वेगात बोट लाटांवर आपटते, ते आजीच्या कंबरेला सोसत नाही.

शिडाचं गणित वाऱ्याचं. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून मतलई वारा येतो आणि पुढे मंदावतो. दुपारी वायव्येकडून खारा वारा भरतो, तीच खरी वेळ. होडी कलते तेव्हा नवख्याच्या पोटात गोळा येतो. तळाला वजनदार कील असेल तर ती सावरते. बिनकीलची लहान होडी मात्र उलटू शकते. होडी वळवताना शिडाखालचा आडवा दांडा, म्हणजे बूम, डोक्यावरून फिरतो, म्हणून मुलांना आधी वाकायला शिकवा. त्या बदल्यात प्रत्येकाला काम मिळतं. एक दोरी ओढतो, दुसरा सुकाणू धरतो. इंजिनाच्या बोटीत एक चालवतो, बाकीचे मोबाईल काढतात.

होडी कुठलीही असो, भरतीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय निघू नये. मुंबई बंदरात उधाणाला भरती-ओहोटीच्या पातळीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. ओहोटीला पनवेल खाडीत नुसता चिखल उरतो आणि कीलची होडी रुतून बसते. ती खोल पाण्याच्या धक्क्यालाच ठेवावी.

एके काळी पनवेल बंदरातून भात, मीठ शिडाच्या मचव्यांनी मुंबईला जायचं. १९७३ मध्ये वाशीचा पूल झाला, १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं. मुंबई गाठायला पनवेलकराकडे आता गाडी आहे. म्हणून माझा कौल शिडाच्या होडीला, वारा पडल्यावर परतण्यापुरतं लहान आउटबोर्ड लावून. इंजिन लावलं की नोंदणीचं महाराष्ट्र सागरी मंडळाकडे विचारून घ्या.

लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचं हवं, आणि ते अंगात हवं, बाकाखाली नव्हे. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली, तेव्हा जॅकेट घालायला कुणाला सवड होती?

खरेदीची घाई नको. गेटवेला शिडाच्या बोटी खलाशासह भाड्याने मिळतात. पावसाळा टाळून दोन-चारदा फिरून या. त्यानंतरही पोरं “परत कधी?” विचारत असतील, तर पैसे काढा.